पहिला मजला, उजवीकडचं घर

“तुझं नाव पुकारतील तेव्हा नुसतं हो म्हणायचं. बाकी एक शब्द बोलू नकोस,” थोरल्याने आईला बजावलं आणि फोन बटणांच्या बरणीला टेकवून टेबलावर उभा केला.

“हो,” होयबाई म्हणाल्या.

“आत्ता नाही गं. विचारतील तेव्हा.”

“हो, हो.”

फोनमधून खुर्च्या सरकवल्याचे, कुणीतरी खोकल्याचे, जिन्यावरून बूट आपटत उतरल्याचे आवाज येत होते. सातासमुद्रापलीकडच्या एका इमारतीत, तळमजल्यावर, घरमालकांची वार्षिक सभा भरत होती. इथे दुपार होती आणि तिथे सकाळ. होयबाईंनी शिवणयंत्रावरची अर्धवट पँट बाजूला ठेवली, चष्मा पुसला आणि खुर्चीत ताठ बसल्या. आपण तिकडे कुणाला दिसत नाही हे ठाऊक असूनही दर वर्षी या सभेला त्या केस नीट विंचरून बसत.

होयबाई हे नाव त्यांना त्यांच्या मोठ्या जाऊबाईंनी ठेवलं होतं. लग्न होऊन भरल्या घरात आल्या तेव्हा भाजी कर म्हटलं की हो, भाजी नको डाळ कर म्हटलं की हो, दोन्ही राहू दे, आधी कपडे धू म्हटलं तरी हो. “हिला विहिरीत उडी मार म्हणा,” जाऊबाई हसत, “ही विचारेल, येताना बादलीभर पाणी आणू का?” होयबाई बावळट होत्या असं मुळीच नाही. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, कारण दिलं की ते कुणीतरी खोडून काढतं आणि शेवटी हो म्हणावंच लागतं. मग मधली दमछाक कशाला, असा त्यांचा सरळ विचार होता. या विचाराने आयुष्य शांततेत गेलं. फक्त ते त्यांच्या मनासारखं गेलं का, हे विचारायचं राहून गेलं.

नवरा परदेशात जहाजाच्या कारखान्यात रंगारी होता. कारखान्याने कामगारांची जुनी घरं विकायला काढली तेव्हा त्याने साठवलेलं सगळं ओतून दोन खोल्या घेतल्या. पहिला मजला, उजवीकडचं घर. तिथे दोघं नऊ वर्षं राहिली. होयबाई जवळच्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुवायच्या कामाला जात. थोरला तिथेच जन्मला. त्या घराचं स्वयंपाकघर एवढं चिमुकलं होतं की हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकत. पण त्या स्वयंपाकघरात मीठ किती घालायचं, हे होयबाई ठरवत. त्याआधी आणि त्यानंतर असा अधिकार त्यांना कुठे मिळाला नाही. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, परत या असा निरोप आला. होयबाई हो म्हणाल्या आणि आल्या.

घर मात्र विकलं नाही. “म्हातारपणी दर उन्हाळ्यात जाऊन राहू,” नवरा म्हणायचा. एकदाच दोघं जाऊन आली. बाकीचे उन्हाळे पैशाअभावी गेले, आणि चार वर्षांपूर्वी नवराही गेला.

पैसे कुठे गेले, ही तर खरी गंमत. घराची किंमत माणूस एकदा मोजतो आणि सुटलो म्हणतो. परदेशातलं घर असं सोडत नाही, ते दर वर्षी थोडं थोडं पुन्हा विकत घ्यावं लागतं. घरपट्टी भरा. विमा भरा. इमारतीचा सामायिक खर्च भरा. थंडीत नळ गोठून फुटू नयेत म्हणून रिकाम्या घराला ऊब द्या. महिन्यातून एकदा खिडक्या उघडून वारा आत सोडणाऱ्या माणसाला पगार द्या. वर्षभर जी शेगडी कुणी पेटवलेली नाही ती सुरक्षित आहे ना, हे बघायला माणूस येतो. त्याचेही पैसे द्या. “आई, ते घर आपल्यापेक्षा थाटात राहतं हो,” सून म्हणायची, “आपल्याकडे गळकी मोरी तशीच आहे, आणि तिकडे कुणी नाही त्या घराला हिवाळ्यात गरम वारा.” चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! नवऱ्यामागे होयबाईंना जे पेन्शन मिळे ते तिकडून यायचं आणि जवळजवळ सगळं तिकडेच परत जायचं. कमी पडलं तर थोरला भर घालायचा. उरलेल्यातून विमानाचं तिकीट निघणं शक्यच नव्हतं. थोडक्यात, घर राखण्यात एवढा खर्च व्हायचा की घरी जाता येत नव्हतं.

आणि हा खर्च वाढवण्यात होयबाईंचा स्वतःचा हात होता. आधी सभेला नवरा फोनवर बसायचा. त्याने बायकोला शिकवून ठेवलं होतं, “आपण तिथे परके. शिवाय राहत पण नाही. उगाच वाकड्यात शिरायचं नाही.” त्याच्यानंतर होयबाई बसू लागल्या आणि विचारतील त्याला हो म्हणू लागल्या. जिन्याला नवे दिवे? हो. दाराशी फुलझाडांच्या कुंड्या आणि त्यांना पाणी घालायला माणूस? हो. प्रवेशापाशी काचेच्या मोठ्या पेटीत रंगीत मासे? हो. त्या पेटीची दर महिन्याला सफाई? ओघानेच आली. एका वर्षी तर असाही ठराव आला की फोनवरच्या मालकाने उत्तर दिलं नाही तर त्याचा होकार समजावा. त्यालाही त्या हो म्हणाल्या होत्या.

यंदाचा विषय मात्र कुंड्यांवर भागणारा नव्हता. होयबाईंच्या घराच्या बरोबर खाली एका दंतवैद्याचा दवाखाना होता. त्याला इमारतीचा सगळा पुढचा भाग नवा करायचा होता: संगमरवरी पायऱ्या, आपोआप उघडणारं काचेचं दार, भिंतीला चकचकीत फरशी. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. होयबाईंचा वाटा एवढा की पेन्शनची तीन वर्षं त्यात बुडाली असती. यावर थोरल्याने तोडगा काढला होता. “तू हो म्हणायचं, मग घर त्या डॉक्टरलाच विकायचं. आपला वाटा तोच भरेल. मी बोललोय त्याच्याशी. सुटलो एकदाचे,” त्याने परवा सांगितलं होतं. तो वाईट मुलगा नव्हता. विमा कंपनीच्या कचेरीत मान मोडून काम करायचा, आणि दर वर्षी त्या घराचं बिल आलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची, ती होयबाईंनीच किती वेळा पाहिली होती. म्हणून त्या हो म्हणाल्या होत्या. त्यानंतर दोन रात्री त्यांना धड झोप लागली नव्हती. ते घर गेलं की आपलं म्हणावं असं जगात काही उरणार नव्हतं, हे त्यांना पक्कं कळत होतं. सांगायचं कसं, तेवढं येत नव्हतं.

सभा सुरू झाली. इमारतीचा कारभारी मागच्या वर्षीचा खर्च वाचू लागला. थोरल्याचं लहानपण तिथे गेलेलं, त्याला भाषा येत होती. तो अधूनमधून आईला सांगत होता. मग दंतवैद्य उभा राहिला. त्याचा आवाज गोड होता. दुखणार नाही असं रोज दहा लोकांना सांगून आवाजाला असा मऊपणा येत असावा. तो बराच वेळ बोलला.

“काय म्हणतोय?” होयबाईंनी विचारलं.

“तेच सगळं. दार, पायऱ्या.”

पण होयबाईंच्या कानाने तेवढ्यात दोन शब्द टिपले होते. त्या भाषेतलं त्यांना भरभर बोललेलं उमगत नसे; मात्र धुलाईघरातले शब्द पक्के बसले होते. एक शब्द होता ‘स्वयंपाकघर’, कारण इस्पितळाच्या स्वयंपाकघराचे तेलकट टॉवेल वेगळे धुवायला लागत. दुसरा होता ‘फोडणे’. चादर पिळायच्या यंत्रात उशीच्या अभ्र्याचं बटण फुटलं की मुकादम याच शब्दाने ओरडायचा.

“स्वयंपाकघर फोडणार म्हणाला का तो?”

थोरला जरा चपापला. “अगं, घर त्याचं झाल्यावर त्याचं तो बघेल ना. दवाखान्यातून वर यायला आतून जिना काढायचाय त्याला. स्वयंपाकघराच्या जागी. आपल्याला काय करायचंय?”

आपले हात मांडीवर आहेत की पसरलेत, हे होयबाईंनी उगाच खाली बघितलं.

मग मतं विचारायची वेळ आली. रीतीप्रमाणे फोनवरच्या मालकाला आधी विचारायचं आणि मग बाकीच्यांना. फोनवर होयबाई एकट्याच होत्या.

“पहिला मजला, उजवीकडचं घर?” कारभाऱ्याने पुकारलं.

“नाही,” होयबाई म्हणाल्या.

इतक्या हळू म्हणाल्या की थोरल्याला आधी वाटलं, श्वासच टाकला. मग तो त्यांच्याकडे बघतच राहिला. तिकडे मात्र सगळं शांत होतं.

“पहिला मजला, उजवीकडचं घर?”

“नाही,” त्या पुन्हा म्हणाल्या. तरी कुणी ऐकल्याचं दिसेना. तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. फोनवर बोलायच्या चिन्हावर तिरपी रेघ होती. मागच्या सभेत शिवणयंत्राचा खडखडाट तिकडे ऐकू गेला म्हणून यंदा थोरल्याने नाव पुकारेपर्यंत आपल्या बाजूचा आवाज बंद ठेवला होता. आता त्याने फोनवर हात ठेवला.

“आई, काय चाललंय तुझं? ठरलंय ना आपलं? गप्प बसलीस तरी चालेल. होकारच धरतात ते.”

“उत्तर नाही,” तिकडून कारभाऱ्याचा आवाज आला. “तर मग नियमाप्रमाणे—”

“हात काढ,” होयबाई म्हणाल्या.

“आई—”

“हात काढ म्हणते ना!”

घरातली भांडीसुद्धा दचकली असतील. सून मोरीतून ओल्या हातांनी धावत बाहेर आली. थोरल्याच्या जन्मापासून आजवर आईने त्याला या आवाजात काही सांगितलं नव्हतं. अभ्यास कर हेसुद्धा ती विचारल्यासारखं म्हणायची. त्याचा हात आपोआप उचलला गेला. होयबाईंनी त्या तिरप्या रेघेवर बोट दाबलं.

“नाही!”

आता या ‘नाही’बद्दल थोडं सांगायला हवं. त्या भाषेत होयबाई हा शब्द धुलाईघरात शिकल्या होत्या. चादर धुऊन आली, उजेडात धरली आणि डाग दिसला, तर ती परत फेकायची आणि ओरडायचं, “नाही!” सगळी यंत्रं धडधडत असायची, त्यामुळे हा शब्द पोटातून काढावा लागायचा. दुसऱ्या कुठल्या आवाजात तो म्हणतात हे त्यांना माहीतच नव्हतं. समुद्रापलीकडे कुणाच्या तरी हातातला पेला खाली पडल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

कारभाऱ्याला सावरायला वेळ लागला. “बाई, इमारतीचा दर्शनी भाग बदलायचा तर सगळ्यांचा होकार लागतो, हे तुम्हाला माहीत आहे ना? तुमच्या एकट्या नकाराने सगळं अडेल.”

थोरल्याने हे भाषांतर करून सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा पडला होता.

“माहीत नव्हतं,” होयबाई त्याला म्हणाल्या. “बरं झालं सांगितलं.” आणि फोनकडे वळून पुन्हा, “नाही.”

“कारण काय लिहू?”

हा तो प्रश्न. याच प्रश्नापाशी त्यांचं घोडं आयुष्यभर अडलं होतं. परवडत नाही म्हटलं तर दंतवैद्य म्हणेल, मी भरतो. विकायचं नाही म्हटलं तर थोरला म्हणेल, ठरलंय. स्वयंपाकघर, मीठ, नऊ वर्षं हे त्या भाषेत सांगता येत नव्हतं, आणि खरं म्हणजे स्वतःच्या भाषेतही आलं नसतं. होयबाईंनी क्षणभर विचार केला आणि धुलाईघरातले शब्द जुळवून म्हणाल्या, “कारण नाही. मला नको.”

मग तिकडे एक खुर्ची करकरली आणि एका बाईचा जाडाभरडा आवाज आला. चौथ्या मजल्यावर निवृत्त झालेला एक बसचालक राहायचा, त्याची ही बायको.

“तर मग आमचंही लिहा. नको. आम्हालाही नको. आणि कुंड्याही नको होत्या, दिवेही नको होते!”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” कारभारी वैतागला.

“काय बोलणार? दर वेळी आधी फोनवरून हो यायचा. जी बाई इथे राहत नाही, ती बिचारी परदेशातून मुकाट पैसे देते. मग इथे राहून आम्ही कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? लाज वाटायची. नवऱ्याची जुनी सायकल विकून मी त्या माशांच्या पेटीचा हप्ता भरलाय!”

बसचालक मागून पुटपुटला, “चांगली होती सायकल.”

थोरला सांगत होता आणि होयबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत गेलं. मग त्या हसायला लागल्या. आपण परके, आपण मान खाली घालायची, म्हणून हो म्हणत आलो. आणि आपल्या ‘हो’ला बिचकून अख्खी इमारत हो म्हणत आली. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसले होते, आणि मांजर दर वर्षी दूध पिऊन जात होतं.

त्यानंतर सभा अशी रंगली म्हणे की जिन्यावर आवाज घुमत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन्ही घरांनी नाही म्हटलं. दर्शनी भागाचा ठराव फेटाळला गेला. गप्प राहणाऱ्याचा होकार धरायचा नियमही रद्द करा, असं बसचालकाच्या बायकोने सुचवलं, तेव्हा होयबाईंनी “हो!” म्हटलं. आयुष्यातल्या हजारो ‘हो’मधला हा त्यांना स्वतःला आवडलेला पहिला. कुंड्यांना पाणी घालायचं काम मालकांनी आपसांत वाटून घेतलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, आता ती माशांची पेटीही विकून टाकू. कारभाऱ्याने सवयीने आधी फोनवर विचारलं. आता मात्र त्याच्या आवाजात अदब होती.

होयबाईंनी ते मासे कधी बघितले नव्हते. पण तीन वर्षं त्यांचं खाणं पुरवलं होतं.

“मासे राहू देत,” त्या म्हणाल्या, आणि मासे राहिले.

फोन बंद झाल्यावर थोरल्याने तो बरणीपासून उचलून खिशात घातला. मग म्हणाला, “मला परवा हो म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते. ते चुकलंच माझं. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“मी डॉक्टरला काय तोंड दाखवू?”

“त्याला सांग, आईला विचारलं नव्हतं नीट.” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तू वाईट वाटून घेऊ नकोस. विचारलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं. दोष तुझा नाही. पण घर विकायचं नाही.”

“आणि दर वर्षीचा खर्च?”

“पेन्शन माझं, घर माझं. तू आता भर घालायची नाही. कमी पडेल ते मी शिवून काढीन. कुंड्यांच्या माणसाचा पगार गेला, दिव्यांचा हप्ता यंदा संपतोय. खिडक्या उघडणाऱ्या माणसालाही सांगते, चार महिने येऊ नकोस.”

“का?”

“चार महिने मी उघडीन.”

थोरला आ वासून बघत राहिला. सून मात्र पुढे आली आणि ओले हात तसेच ठेवून सासूला मिठी मारली. “आई, जा. आणि मोरीचं यंदा मी बघते, तुम्ही शब्द काढू नका,” ती म्हणाली. होयबाई तोंड उघडून हो म्हणणार होत्या, पण त्यांनी आधी पदराने सुनेचे ओले हात पुसले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, शिवणाच्या पैशांतून तिकीट काढून, होयबाई एक पेटी आणि शिवणाची पिशवी घेऊन त्या इमारतीच्या दारात उतरल्या. दाराला तोच जुना तपकिरी रंग होता, आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या. एक रुंद खांद्यांची बाई कुंड्यांना पाणी घालत होती. तिने होयबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“नाहीवाल्या बाई तुम्हीच का?”

“हो,” होयबाई म्हणाल्या, आणि दोघी एवढ्या हसल्या की वरून बसचालक खिडकीत येऊन बघून गेला. पेटी त्यानेच वर नेली.

घराला बंद घराचा वास येत होता. होयबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघरात गेल्या, हात पसरले. बोटं अजून दोन्ही भिंतींना टेकत होती. साधा भात आणि डाळ शिजवली. मीठ जरा जास्तच पडलं. कुणी काही म्हणालं नाही.

जेवून त्या पलंगावर आडव्या झाल्या. पलंग दोघांचा, जुनाच. नवऱ्याला कारखान्याची सकाळची पाळी असायची. उठताना बायकोची झोपमोड नको म्हणून तो कडेला निजायचा आणि होयबाई भिंतीकडे. सवयीने त्या भिंतीला चिकटूनच पडल्या. शेजारची मोकळी जागा बघवेना. म्हातारपणी येऊ म्हणणारा माणूस तेवढा आला नाही. त्यांना रडू आलं, आणि आवर म्हणायला कुणी नव्हतं म्हणून त्या पोटभर रडल्या. मग डोळे पुसले, हळूहळू सरकत पलंगाच्या मधोमध आल्या आणि हातपाय सैल सोडले.

डोळा लागतो न लागतो तोच दाराची घंटा वाजली. बाहेर दंतवैद्य होता. आवाज तसाच गोड. दाराआडूनच, सावकाश, स्वागताला आलोय म्हणाला, आणि एक लहानसं काम होतं, पाच मिनिटं मिळतील का, म्हणाला.

“नाही,” होयबाई पलंगावरूनच म्हणाल्या. “उद्या या.” आणि त्यांनी उशी मानेखाली नीट सारली.